सुपरवायझरबाई

प्रिय ऋषी,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. परवा पुण्यात तुझ्या पिक्चरचा खास खेळ बघितला आणि टाळ्या थांबायच्या आत उठून बाहेर आले. तुला वाटलं असेल, ताईला बस गाठायचीय. बस कसली डोंबलाची! मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. फोन केला असता तर गोड बोलून कटवलं असतंस, म्हणून हे पत्र.

आपली सुपरवायझरबाई कशी जन्माला आली, आठवतंय का रे? तू चौथीत, मी सातवीत. तू शंभरपानी वहीत उडणारी माणसं काढत बसला होतास. आई द्राक्षाच्या पॅकहाऊसवरून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, ह्यो कोण? सुपरहिरो, आपण सांगितलं. तिला ऐकू आलं सुपरवायझर! तिच्या लेखी त्याच्याइतकी ताकद जगात कुणाचीच नव्हती. मग म्हणते, बाईमाणूस काढ की, आमचा मेला सुपरवायझर लई खेकसतो. आपण हसून लोळलो, आणि तू आईलाच काढलंस. पदर खोचला की ती उडायची. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर एका हातानं उचलायची. उसात बिबट्या दिसला की त्याचा कान धरून म्हणायची, घरला जा, आई वाट बघती. चित्रं तुझी, शब्द माझे. अशा सात वह्या भरल्या आपण.

आणि आता पिक्चरमध्ये तिचा बाप्या केलास. दंड फुगवलेला, पुस्तकी मराठी बोलणारा. तेही गिळलं असतं मी. पण आईला तू पहिल्या दहा मिनिटांत मारलंस, ऋषी! आणि तो ठोंब्या मेलेल्या आईचा पदर फाडून पाठीला बांधतो, तेव्हा कुठं त्याला उडता येतं. लोक मुसमुसत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. अरे, ती धडधाकट आहे! आज सकाळीच कांद्याचे चार वाफे खुरपून आली. निर्माते म्हणाले, बाई चालत नाही. तेव्हा तुझी काय दातखीळ बसली होती?

माझं नाव कुठं घातलं नाहीस, त्याचं मला काही नाही. खोटं कशाला बोलू, आहे. पण तेवढ्यासाठी कागद खराब केला नसता.

पिक्चर शुक्रवारी लागतोय. आईनं अख्ख्या बोरी गावात सांगितलंय, माझ्यावर पिच्चर निघालाय. रविवारी साळुबाई, झुंबरबाई धरून चौदा बाया पिकअपमधून नारायणगावच्या टॉकीजला निघाल्यात. सगळ्यांनी कामावर खाडा सांगितलाय. मी तिला सांगायला दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा तिनंच लाजत विचारलं, शेवटाला मी काय बोलते गं? आणि लगेच म्हणाली, नगं नगं, सांगू नको, तितंच ऐकीन. माझ्यानं नाही झालं पुढं. शनिवारी घरी ये, आणि तिला कुठं मारलंस ते तिच्यासमोर बसून तूच सांग.

काही झालं तरी तुझीच,
स्नेहलताई