शनिवारच्या मुलींचे घर

मी, एर्लिंदा सारागोसा, वय एक्याऐंशी, व्यवसाय आर्किटेक्ट, राहणार सान अँटोनियो, टेक्सास, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांचे मत वेगळे आहे, पण कायद्यात गुडघ्यांची अट नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात केली होती.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भागीदार यादिरा मोन्तेमायोर हिने करावी. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम २. माझे वडील क्रेसेन्सिओ गवंडी होते. त्यांची थापी, ओळंबा आणि पाणसळ माझ्या बहिणीचा मुलगा रोहेलिओ यास द्यावी. तोही बांधकामातच आहे आणि त्याच्या हाताला आजोबांचे वळण आहे.

या अवजारांबरोबर एक हकिकतही त्याच्याकडे जावी. मी चौदा वर्षांची असताना शाळेला सुटी असली की वडिलांचा डबा घेऊन कामावर जात असे. एकदा तिथे नकाशा पसरलेला होता. त्यात जिन्याला तेरा पायऱ्या दाखवल्या होत्या आणि उंचीला पंधरा लागत होत्या. मी ते मोजून आर्किटेक्ट साहेबांना सांगितले. साहेबांनी पुन्हा मोजले, लाल झाले आणि वडिलांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची. चांगली सेक्रेटरी होईल."

संध्याकाळी वडील घरी आले. दारात बूट काढता काढता आईला म्हणाले, "ऐकलंस का? जिना त्याचा चुकला, आणि टायपिंग हिनं शिकायचं!"

त्या महिन्यापासून त्यांनी माझ्या कॉलेजसाठी रविवारीही कामे घ्यायला सुरुवात केली.

कलम ३. कै. होलिस डनअवे यांच्याविषयीची माझी तक्रार पुढीलप्रमाणे निकाली काढत आहे.

त्यांच्या ऑफिसात मी अकरा वर्षे काढली. त्यातली पहिली सात नुसती स्वच्छतागृहे आखण्यात गेली. आठव्या वर्षी आमच्याच मेक्सिकन वस्तीतल्या वाचनालयाचे काम आले. आमच्या लोकांशी स्पॅनिशमध्ये बोलणारे कोणीतरी हवे म्हणून ते माझ्याकडे दिले गेले, आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत ते मी काढले. उद्घाटनाला आई नवा झगा घालून आली. भिंतीवरची पितळी पाटी तिने बोट फिरवत दोनदा वाचली.

"बाळा, तुझं नाव कुठेय गं?"

तेवढ्यात डनअवे साहेब मागून म्हणाले, "एर्लिंदा, पाहुण्यांच्या कॉफीचं जरा बघतेस का?"

मी कॉफीचे बघितले. सोमवारी राजीनामा दिला.

कॉफीबद्दल मी त्यांना क्षमा करत आहे. पाटीबद्दलही करत आहे. मेलेल्या माणसाशी किती भांडायचे? पण मुलांच्या खोलीची खिडकी मी उत्तरेला काढली होती आणि त्यांनी ती दर्शनी बाजूला शोभते म्हणून पश्चिमेला फिरवली. तिथे चाळीस वर्षे पोरे घामाने निथळत गोष्टी वाचत आहेत. याला क्षमा नाही. त्या वाचनालयाच्या दुरुस्तीचे काम आता यादिराकडे आले आहे. खिडकी उत्तरेला गेल्याशिवाय तिने बिलावर सही करू नये.

कलम ४. माझे राहते घर, मागील गॅरेजसह.

राजीनाम्यानंतर याच गॅरेजात मी ऑफिस थाटले. पहिले काम शेजारच्या बाईंच्या तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या रोट्यांच्या, दुकानाचे होते. त्या दुकानात यादिराची आई कामाला होती; सकाळी मक्याची पोती उतरवायला ती येई आणि यादिरा तिच्याबरोबर. बारा वर्षांची पोर माझ्या पुठ्ठ्याच्या नमुन्यापुढे उभी राहून म्हणाली, "यात माझी आई कुठं बसणार? दिवसभर उभीच असते ती."

मी नमुन्यात एक बाक घातला आणि तिला म्हटले, "शनिवारी ये. आखायला शिकवते."

ती आली. मग तिची मैत्रीण आली. त्यानंतर एकही शनिवार रिकामा गेला नाही.

पुढे यादिरा आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षेत एकाच पेपरात तीनदा नापास झाली. तिसऱ्या खेपेनंतर माझी पुस्तके परत करायला आली. "बस झालं. आपल्यासारख्यांचं काम नव्हे हे."

मी तिला गाडीत घातले आणि एका शाळेसमोर उभे केले. ढग नुसते गडगडले तरी तिथे बादल्या लावाव्या लागत. "हे छप्पर ज्यानं काढलं ना, तो पहिल्या झटक्यात पास झाला होता."

ती इतकी हसली की रडायला लागली. चौथ्यांदा ती पास झाली.

आजवर या गॅरेजातून नऊ जणी परवाना घेऊन बाहेर पडल्या आहेत. मी परीक्षा दिली तेव्हा त्या दालनात माझ्यासारखी मी एकटी होते, आणि पर्यवेक्षकाने मला झाडू कुठे ठेवलाय ते सांगितले होते.

म्हणून हे घर विकू नये. परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलींनी इथे राहावे, अभ्यास करावा, भांडावे, जेवावे. यासाठी विश्वस्त संस्था नोंदवली आहे. रोहेलिओला हे मी समोर बसवून सांगितले आहे.

"मावशी, मी तुझा सख्खा भाचा. आणि घर परक्या पोरींना?"

"तुझ्या लेकीला काय व्हायचंय रे?"

तो खुर्चीच्या पाठीवर नख घासत म्हणाला, "कालच माझ्या पाणसळीनं अख्खं स्वयंपाकघर तपासलं तिनं. म्हणाली, ओटा वाकडा आहे."

"होता का?"

"होता."

त्यानंतर त्याने हरकत घेतलेली नाही. उलट गॅरेजाचे छप्पर फुकट करून देतो म्हणाला आहे. याला साक्षीदार आहेत, तेव्हा त्याने मागे फिरू नये.

कलम ५. माझ्या कबरीचा दगड मी आखून ठेवला आहे. अक्षरांमधल्या अंतराला कोणीही हात लावू नये.

कलम ६. माझे ओक लाकडाचे ड्रॉइंग टेबल. हे गॅरेजात शिकणाऱ्या मारिसेला किरोगा हिला द्यायचे माझ्या मनात होते. सहा वर्षे ती त्याच्यावर काम करत आली आहे, आणि त्याच्या कडेवरून ती कसा हात फिरवते ते मी पाहिले आहे. मंगळवारी तिला परवाना मंडळाचे पत्र आले. ती पास झाली, त्या नऊ जणींनंतरची आमची दहावी मुलगी. मृत्युपत्राच्या सह्या बुधवारी ठरल्या होत्या, पण त्या मी पुढे ढकलल्या, कारण परवान्याचा क्रमांक हातात पडेपर्यंत आमच्या राज्यात कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तो आज सकाळी आला.

वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येणार नाही. मी मारिसेलाला विचारले, "टेबल घेतेस, की साक्षीदार म्हणून सही करतेस?"

"सहीच्या खाली व्यवसाय लिहायचा असतो ना?"

"असतो."

"मग पेन द्या."

टेबल गॅरेजातच राहावे.

सही: एर्लिंदा सारागोसा
ठिकाण: सान अँटोनियो, टेक्सास
दिनांक: १४ मार्च २०२५

वरील सही आम्हां दोघांच्या समोर झाली. सही करणाऱ्या बाई शुद्धीवर होत्या आणि आम्हांला घाई करत होत्या.

साक्षीदार १: बाउदेलिओ कान्तू, शेजारी. व्यवसाय: निवृत्त पोस्टमन

साक्षीदार २: मारिसेला किरोगा. व्यवसाय: आर्किटेक्ट