खिशातल्या गोळ्या

बाबा, काय झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. आईने बीपीची गोळी सोडली.
२. मी तिला तुमचं गुपित सांगितलं.
३. तिने गोळी पुन्हा सुरू केली.
४. आज रिपोर्ट आला. लघवीतून जाणारं प्रथिन बरंच कमी झालंय.
५. परतताना तिने जिलेबी घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून अर्धी संपवली.

मला फार आनंद झालाय. तो दाखवणं मला जमत नाही, म्हणून लिहितेय.

सुदामा नगरच्या स्वयंपाकघरात आई रोज सकाळी तुमच्या चहाच्या बशीत गोळी ठेवायची, आणि ती तव्याकडे वळली की तुम्ही गोळी शर्टाच्या खिशात टाकायचात. घ्यायचात फक्त तपासणीआधीचे तीन-चार दिवस. दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टर म्हणायचे, "वाह साब, एकदम बढ़िया," आणि तुम्ही वर्गात पहिले आल्यासारखे माझ्याकडे बघायचात. मी तेव्हा फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. एकदा टोकलं, तर म्हणालात, "पाहुणे यायचे असले की घर आवरतात, बेटा. रोज कोण आवरतं?" आपल्याकडे आई रोज आवरते, हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

आकडा चांगला दिसायचा, म्हणून डॉक्टरांनी औषध कधी वाढवलं नाही. बाकीचे सगळे दिवस तुमच्या किडन्यांनी आणि हृदयाने वाढलेल्या दाबाखाली काढले. आईने मात्र आपला हिशेब लावला: रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या किडन्या गेल्या, म्हणजे गोळीनेच गेल्या. त्यामुळे तिला स्वतःला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा बीपी नॉर्मल येताच तिने ती बंद केली. शेजारच्या काकूंनी भर घातली, "भाभीजी, ये गोलियाँ ही किडनी खा जाती हैं."

ऑफिस सुटलं की मी विजय नगरहून थेट तिच्याकडे जायचे. सांगायचे, किडनीत बारीक गाळण्या असतात. दाब सतत जास्त राहिला की त्यांची जाळी बिघडते आणि प्रथिन निसटतं. ही गोळी त्या गाळण्यांमधलाही दाब उतरवते. हृदयाला रक्त ढकलायला कमी जोर लागतो, त्याची भिंत जाड होत जात नाही. बीपी नॉर्मल आहे ते गोळी चालू आहे म्हणून. आईने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "तुझे बाबा रोज घ्यायचे. काय झालं?"

मग मी खिशाचं सांगितलं.

तिने गॅस बंद केला. "मतलब, हे घेतच नव्हते?" मला वाटलं, आता रडेल. ती तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली, "लबाड कुठले," म्हणाली, आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. मग गोळी घेतली आणि लहान मुलासारखं तोंड उघडून मला दाखवलं, की बघ, गिळली.

आता रविवारी भिशीत ती हा किस्सा सगळ्यांना सांगणार आहे, शेजारच्या काकूंना मुद्दाम समोर बसवून. हे पत्र कुठे टाकता येणार नाही, ते मला माहीत आहे. तरी, तुमची हरकत असेल तर शनिवारपर्यंत कळवा. हरकत नसली तरी कळवा.