मालकाच्या ओसरीवरचा विडा

गुढीपाडवा, सन १९४७. दिवेलागण.

महादू मालकाकडून तोंड रंगवून आला. जन्मभर त्यांच्या अंगणात उभा राहणारा माझा लेक आज म्हणे ओसरीवर बसला, अन् मालकानं आपल्या हातानं विडा दिला.

"आई, विहिरीजवळचं रान देतायत. आपण कसतो ते जुनं रान राजीखुशीनं सोडतो म्हणून उद्या कागदावर अंगठा द्यायचा, बास."

"अन् पुढल्या पाडव्याला तेबी काढून घेतलं तर?"

"तू लई वाकडं बघतीस."

मास्तरनं चावडीवर नवा कायदा वाचून सांगितलं होतं, एकच रान वर्षानुवर्षं सलग कसणाऱ्या कुळाला आता मालक हलवू शकत न्हाई. पण कुळानंच सोडलं तर कायदा काय करील? मालकाचा जावई वकील. कायदा आमच्यासाठी केला, अन् समजला आधी त्यांना.

दिव्याशी महादूचा अंगठा धरून पाहिला. शाई न्हाई, विड्याचा चुना हाय. तरी पुन्हा पाहिला. माझं ऐकेल का हा? एका विड्यानं भुलला.

उद्या उजाडताच औत जुन्या रानात नेते, महादूला पुढं घालून. मालकाला अंगठा हवा तर बांधावर यावं. तिथं विडा मी देईन, अंगठा न्हाई.