ज्युरीचा बाक

धाराशिव, मंगळवार, दिवेलागण

निजामाच्या राज्यात उभी हयात उर्दूत वकिली केली, ते राज्य गेलं आणि आता कोर्टात इंग्रजी आली. सोलापूरहून आणलेल्या विलायती वकिलांच्या भाषणांच्या पुस्तकातलं एक भाषण घोकून आज उभा राहिलो. पुस्तकातल्यासारखाच उजवीकडं वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "जंटलमेन ऑफ द ज्युरी!"

उजवीकडं नुसता भिंतीलगतचा बाक. त्यावर तेर गावचे चार शेतकरी, आपल्या पेशीची वाट बघत. आमच्या कोर्टात ज्युरी कुठली? तरी चौघंही हात जोडून उभे राहिले. जज्जसाहेबांसकट सगळं कोर्ट हसलं. माझा अशील तेवढा हसला नाही. बैलचोरीचा आळ त्याच्यावर आहे. खटला उद्यावर गेला.

बाहेर त्या चौघांतल्या म्हाताऱ्यानं गाठलं. "वकीलसाब, आमाला काय म्हणलाव?"

"साध्या माणसांनी ऐकून निकाल द्यायचा, त्यांना ज्युरी म्हणतात."

"मग निकाल इचारायचा की! पर आमाला तर एक शब्द कळला न्हाय."

तेच सलतंय. त्या बाकाला कळत नसेल तर मी बोलतो कुणासाठी? इंग्रजी शिकणारच, सोडणार नाही. पण उद्या आधी त्या बाकावर बसून, तिथं जे असतील त्यांना अशिलाची बाजू मराठीत सांगणार. तिथं पटली, तरच जज्जसाहेबांपुढं उभा राहीन.