कड्यावरचं गिधाड आणि न बसणारा अडॅप्टर

भिंगार, रविवार

आदरणीय खाजाभाई,

तुम्हाला सलाम, हसीनाबेटीला आशीर्वाद आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांची स्वतंत्र चौकशी. (डावाच जास्त दुखतो ना अजून?) लेकीकडे सोलापुरात आता रुळला असाल. इकडे पुष्पावती तुमची रोज आठवण काढते. म्हणजे मी घरात काही बिघडवलं की "खाजाभाई असते तर नीट केलं असतं" म्हणते.

मागच्या महिन्यात मी फोनवर सांगितलं, करंजी घाटापलीकडच्या आपल्या कड्यावर गिधाड आलंय. त्यावर तुम्ही म्हणालात, "अंगदराव, घार आसंल ती. गिधाडं गेली, आता इसरा." आणि फोन हसीनाच्या हातात दिलात. मला ते लागलं, खाजाभाई. वर्कशॉपात आपण दोघे फिटर, आणि वीस वर्षं रविवारची सुट्टी त्या कड्यासमोर घालवली. एकच दुर्बीण, तीही एका डोळ्याची, आणि पाळीपाळीनं बघायचं. (तुमची पाळी नेहमी लांबायची.) तुम्ही मोजायचात, मी लिहायचो. एकतीस, मग बारा, मग चार. ज्या रविवारी एकही दिसलं नाही, त्या दिवशी तुम्ही डबासुद्धा उघडला नाहीत, आणि पुन्हा कधी आला नाहीत.

म्हणून ठरवलं, तुम्हाला फोटोच पाठवायचा. पुतणी मोनिकानं तिचा जुना कॅमेरा दिला. तो दुर्बिणीला जोडायला अडॅप्टर लागतो, म्हणून नगरला श्रीमंतच्या स्टुडिओत गेलो. त्यानं विचारलं, कॅमेरा कुठल्या कंपनीचा, लेन्स निघते का, दुर्बीण कितीची, डोळा लावतो त्या नळीची जाडी किती? (मोनिकाच्या लग्नात मुलाकडच्यांनी एवढं विचारलं नव्हतं.) मी घरी येऊन व्हर्नियर काढलं आणि मिलिमीटरच्या दशांशापर्यंत माप घेतलं. अडॅप्टर आला आणि नळीवर खुळखुळ्यासारखा हलायला लागला. कारण मी माप घेतलं होतं ते नळीवर तुम्ही गुंडाळलेल्या सायकलच्या ट्यूबवरून, तेही पकड सैल ठेवून, ट्यूब दबू नये म्हणून. श्रीमंत म्हणाला, "काका, ती ट्यूब काढा आन् परत मापा." मी नाही काढली. ती तुमच्या हातची आहे.

दुसरा अडॅप्टर मागवला, तो ट्यूबसकट बसला. पण त्याचं कडं दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचं निघालं. शेवटी श्रीमंतनं मोबाईल अडकवायचा चिमटा दिला. मोबाईलला मागे तीन डोळे, त्यातला कुठला नळीसमोर आणायचा यात अर्धी सकाळ गेली. अखेर कडा दिसला, कड्यावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, वर काहीतरी बसलेलं दिसलं, मी श्वास रोखून बोट पुढे नेलं, आणि पुष्पावतीचा फोन आला. येताना कोथिंबीर आणायची होती. मोबाईल थरथरला, दुर्बीण खाली झुकली आणि जो फोटो निघाला तो खालच्या शेळीचा. फार सुंदर आलाय. शेळीवाल्या कडूबाईंनी मागून घेतला.

त्या माळावर एकट्यानं बसवत नाही, खाजाभाई. डबा उघडला की शेजारी कुणाला "घ्या" म्हणायची सवय आहे, ती जात नाही.

हसीनाला सांगा, तुम्हाला उन्हात बसू द्यावं.

तुमचा,
अंगद

ता. क. : सोबत दुसरा फोटो आहे. काळ्या कडेच्या गोलात मधोमध ठिपका आहे ते गिधाड. (पुष्पावतीच्या मते धूळ.)

आणखी एक : अडॅप्टरचं जाऊ द्या. खरं सांगतो, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कड्यावर काहीतरी मोठं येऊन बसतं, एवढंच मला दिसतं. मान दिसत नाही, चोच दिसत नाही. फोनवर तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं, पण मलाच खात्री नाही. तुम्ही बघून सांगितलंत तरच मी मानेन. हसीना शनिवारच्या एसटीत बसवून देईल, मी स्टँडवर उभा राहीन. घार असली तरी या.