उद्या बाजारला जाऊ नको

११ नोव्हें. १९८८
बदनापूरहून सकाळची गाडी. खिडकीशी डुलकी लागली. धुक्यात कपाशीचं रान तरंगल्यासारखं. जालन्याला उतरले तीही अर्धवट झोपेतच.
पोलीस कचेरीच्या वायरलेस खोलीत कानाला हेडफोन लावला की तीच झोप पुढे चालू. खरखर, लांबच्या पाण्यासारखी. तीतून अक्षरं येतात, नुसती, बिनअर्थाची. सांकेतिक पुस्तक उघडलं की हळूहळू त्यांचे शब्द होतात. ही खोली आम्हा तिघांनाच उघडी. आमचे हे मास्तर, घरी आल्यावर शाळेतलं सगळं सांगतात. मी आजवर चकार शब्द काढला नाही.

१४ नोव्हें.
दुपारी संदेश. शब्द जुळत गेले. उद्या मंठ्याच्या बाजारात दंगा घडवायचा बेत, दोन गुंडांचा. आपली माणसं साध्या कपड्यांत थांबणार, दोघांना तिथंच धरणार. बाहेर कळता कामा नये.
कमल त्याच बाजारात बांगड्या घेऊन बसते. माझी धाकटी. सातवा महिना चालू.
सुटल्यावर स्टेशनसमोरून तिच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला.
"अक्का, काय झालं?"
"काई न्हाई. उद्या बाजारला जाऊ नको."
"का गं?"
"नको म्हणते ना."
फोन ठेवला. बाहेर उतरतं ऊन, एक म्हातारा पेरू विकत होता. आपण काही केलंय असं वाटेचना.

१५ नोव्हें.
कमलनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला. निम्मा बाजार भरलाच नाही. ते दोघं आलेच नाहीत.

१७ नोव्हें.
साहेबांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच कळलं.
"मंठ्यात कोण आहे तुमचं?"
"बहीण."
"तुम्ही सांगितलंत?"
"हो सर."
त्यांनी हात पुढे केला. वायरलेस खोलीची किल्ली ठेवली मी हातावर.
गोपनीय कामाची परवानगी रद्द. चौकशी होईल. तोवर आवक-जावक टेबल.

२० नोव्हें.
ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. भाकरी तशीच राहिली ताटात. म्हणाले, "मला आधी विचारलं असतंस, तर मी काय सांगितलं असतं, मलाच कळून नाही राह्यलं."

२ डिसें.
टेबल व्हरांड्यात, त्याच बंद दारासमोर. दुपारी डोळा लागतो. झोपेत अक्षरं येत राहतात, पांढरी, कापसासारखी. धरायला जावं तर...

१० डिसें.
त्या दोघांनी काल अंबडच्या रस्त्यावर दगडफेक केली. आमच्या शिपाई सोनवणेंच्या डोक्याला टाके. त्यांना बघायला दवाखान्यात गेल्ते. म्हणाले, "ताई, मलाबी एक फोन करायचा की. मंग सुट्टी टाकली असती." हसले. मला हसता येईना. पट्टीवर रक्त उमटलं होतं, तिकडेच नजर.
तेव्हा धरले गेले असते तर.

२२ जाने. १९८९
कमलला मुलगी. मंठ्याला गेले. पोरीला शेकशेगडीचा वास. खोलीत धूर, धुरात कमलचा चेहरा, आईच्यासारखा वाटला क्षणभर.
"अक्का, माझ्यापायी तुला तरास झाला का?"
"बिलकुल न्हाई."
पोरीनं माझं बोट धरलं ते सोडेचना.

६ फेब्रु.
साहेब म्हणाले, "परवानगी परत मिळू शकते. उद्या चौकशीत एवढंच म्हणा, पुन्हा असं करणार नाही."
मी जावक नोंदवही पुढं ओढली.
"त्यात विचार कसला करायचा?"
"उद्या सांगते सर."
संध्याकाळची गाडी बदनापूरला थांबली, हलली, मी बसूनच. पुढच्या स्टेशनात उतरले. परतीची गाडी यायला वेळ. फलाटावर कुणी नव्हतं. ते वाक्य मोठ्यांदा म्हणून बघितलं. 'पुन्हा असं' इथवर येतं. तिथून पुढं सोनवणेंची पट्टी दिसते, मग पोरीची मूठ. परत पहिल्यापासून म्हणायला घेतलं तोवर गाडी आली.