कमरपट्ट्याच्या दोन कड्या

कोल्हापूर, सोमवार, जानेवारी १९५४

मुलीच्या लग्नात घालायचा म्हणून माझा चांदीचा कमरपट्टा बाहेर काढला, तर चार बोटं अपुरा. आणि दंडातली वाकी? ती थेट कोपरापर्यंत घसरते!

दोन्ही घेऊन सोनाराकडे गेले, तर तो हसला. "वैनीसाब, वाकीतली चांदी काढतो आन् पट्ट्याला दोन कड्या जोडतो की. वय झालं की हुतंयच असं."

हुतंयच? वजन होतं तेवढंच आहे, म्हणून मी मिरवत होते. डॉक्टर म्हणाले, दंडातलं मांस झिजलं, चरबी पोटावर बसली, म्हणूनच लघवीत साखर उतरतेय. हे म्हणतात, "खात्यापित्या घरची दिसतेस." दिसणारच! दळण गिरणीत गेलं, पाणी भरायचं सुनेनं अंगावर घेतलं, आणि मी बसल्या जागी शेंगा-गूळ खातेय.

आता त्या चांदीनंही माझ्यासारखंच दंडावरून पोटावर यायचं? मुळीच नाही. पट्टा तसाच परत आणला.

सून घाबरली. "आत्या, मग लग्नात काय घालणार?"

म्हटलं, "वाकी. उद्यापासून आडाचं पाणी मी शेंदणार. पट्ट्याचं मागनं बघू, आधी दंड भरू दे."